परबच्या नावावरची लस

पोस्टिंग ऑर्डर हातात पडली तेव्हा मी हवालदार होतो. ट्रेड हेल्थ असिस्टंट. म्हणजे पलटणीचं पाणी, संडास, कुकहाऊस आणि डास, एवढं माझ्या अंगावर. रायफल मीही चालवली, पण नोकरीची बरीचशी वर्षं डबक्यात वाकून बघण्यात गेली. आमची पलटण शांतिसेनेत वर्षभरासाठी आफ्रिकेत चालली होती. देशाचं आणि पलटणीचं नाव लिहीत नाही. का, ते वाचताना कळेलच.

रिटायर झालो नायब सुभेदार म्हणून. आता चारकोपला एका सोसायटीत राहतो. रविवारी सकाळी टॉर्च घेऊन कुंड्यांखालच्या बश्या, गच्चीवरची ताडपत्री, मागच्या रिक्षा गॅरेजचे टायर बघत फिरतो. लोक हसतात. परवा सेक्रेटरींनी विचारलं, काय साहेब, डासांची परेड घेताय काय. हसा. पण गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ घरी आले, त्यांचं ऐकून माझं डोकंच फिरलं. त्यांना आफ्रिकेत नोकरी लागली आहे. पिवळ्या तापाची लस घेतल्याचं कार्ड लागतं. ते म्हणाले, तुम्ही मेडिकलचे, तुमची ओळख असेल, नुसता शिक्का मिळेल का? लशीने ताप आला तर जायच्या तयारीचे दोन दिवस फुकट जातात. मी त्यांना दाराबाहेर काढलं. बायको म्हणाली, नीट बोलायला काय झालं होतं? नीट बोलायला गेलो की माझा आवाज चढतो. म्हणून लिहितो आहे.

आधी डासाचं सांगतो. ते समजलं नाही तर पुढचं समजणार नाही.

पिवळा ताप हवेतून येत नाही, पाण्यातून येत नाही, आजाऱ्याला हात लावून होत नाही. डास लागतो. तोही पट्टेरी पायांचा, दिवसा चावणारा, आपल्याकडे डेंगी पसरवतो त्याच जातकुळीतला. चावते ती मादी. अंडी घालायला तिला रक्त हवं असतं. ताप सुरू झालेल्या माणसाला पहिल्या तीन-चार दिवसांत ती चावली तर विषाणू तिच्या पोटात जातो. पण लगेच ती कोणाला आजार देऊ शकत नाही. विषाणू पोटात वाढतो, तिथून तिच्या लाळेपर्यंत पोहोचतो, त्याला साधारण दहा-बारा दिवस लागतात. त्यानंतर ती मरेपर्यंत ज्याला चावेल त्याला देत सुटते. आणि एका जागी पोटभर पीत नाही. हाकललं की दुसऱ्याला, तिसऱ्याला.

जवानांना मी हे सांगायचो तेव्हा कोणी तरी हमखास विचारायचं, उस्ताद, मग सगळी माणसं बरी झाली किंवा मेली की आजार संपला पाहिजे ना? संपत नाही. जंगलात माकडं आहेत. झाडावरचे डास माकडांना चावतात, माकडांकडून पुन्हा डासांना मिळतो. तिथली बहुतेक माकडं मरतही नाहीत. माणूस नसला तरी त्यांचं चक्र चालू. शिवाय लागण झालेली मादी थोड्या अंड्यांतूनही विषाणू पुढे देते. ती अंडी सुक्या डब्याच्या कडेला महिनोन्महिने चिकटून राहतात. पाणी लागलं की जिवंत. तुम्ही डबा रिकामा करता, घासत नाही, आणि म्हणता साफ केला. कानीकपाळी ओरडून माझा घसा बसला आहे हो, पण डबा घासायचा असतो हे लोकांच्या डोक्यात शिरत नाही.

या आजारावर नेमकं औषध नाही. लस मात्र पक्की आहे. एकदा घेतली, दहा दिवस गेले, की माणूस जन्मभर सुरक्षित. म्हणून तर जाण्याआधी सगळ्यांना ती द्यायची होती.

निघण्याआधी आमची तयारी एका कॅन्टोन्मेंटमध्ये चालली होती. लशीची परेड गणपतीनंतर ठरली होती. माल लवकर आला आणि परेड गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आली. ऑर्डर साफ होती. लस घेतल्यावर दोन दिवस कोणी लाईन, म्हणजे बॅरेकचा भाग, सोडायची नाही. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याचं नाव यादीतून बाहेर. कोकणातली पोरं चुळबुळली. त्यातला एक लान्स नायक दिगंबर परब. घाटकोपरच्या भटवाडीत वाढलेला, गाव कुडाळकडचं. आजोबा गिरणीत, वडील नव्हते, आई आणि तो. त्या वर्षी घरच्या गणपतीची पाळी त्याची होती. भावकीत दर वर्षी एकाने मूर्ती आणायची, सगळं करायचं. त्याने सुट्टीचा पास दोन महिने आधी काढून ठेवला होता.

सकाळी झिरो नाईन हंड्रेडला एमआय रूम, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यासमोर रांग लागली. बनियन आणि पीटी शॉर्ट्समध्ये सगळे, सगळ्यांचे केस एकसारखे कापलेले. आमच्या डॉक्टर कॅप्टन मॅडम एका टेबलावर तपासत होत्या. टोचायचं काम माझ्याकडे आणि अजून एकाकडे. लशीची बाटली एकदा फोडली की काही तासांत संपवावी लागते, त्यामुळे घाई. नाव विचारायचं, कार्डावर तारीख टाकायची, दंड पुसायचा, सुई, पुढचा. मी सगळ्यांना डाव्या दंडावर देत होतो. एकाने उजवा पुढे केला. म्हणाला, डावा दुखतोय. मी उजव्यात दिली. मी दंड बघत होतो, तोंड नाही.

साडेबाराला मोजणी केली. जेवढी नावं तेवढे डोस, एक कमी नाही, एक जास्त नाही. मॅडम म्हणाल्या, गुड. मीही खूश झालो. आज त्या खुशीची मला शरम वाटते.

आफ्रिकेत आमच्या कंपनीचा बेस एका लहान गावाजवळ होता, पुढे लगेच जंगल. काम रोजचंच. गस्त, पुलावर पहारा, रेशनच्या गाड्यांना एस्कॉर्ट. माझा दिवस झिरो सिक्स हंड्रेडला सुरू व्हायचा. फायर बकेट, जेरीकॅन, कंटेनरच्या छपराची पन्हळ, वाळूच्या पोत्यांवरचं प्लॅस्टिक. बाह्या खाली आहेत का, अंगाला औषध लावलं का, मच्छरदाणीला भोक आहे का. पोरं मला पाठीमागे मच्छर उस्ताद म्हणायची. तोंडावर पण म्हणायची.

एक जागा मात्र माझ्या हाताबाहेर होती. कुंपणाच्या आत, मागच्या कोपऱ्यात, केळी होत्या. जमीन गावातल्या एका म्हाताऱ्याची, केळी तोडायच्या नाहीत असा करार. केळीच्या पानाचा देठ खोडाला मिळतो तिथे वाटीभर पाणी साचतं. बादली उपडी करता येते, केळ कशी उपडी करणार? आमचा दुभाषा तिथलाच. त्याने मला दाखवलं, पहाटे जंगलातून माकडं उतरतात, केळी खातात, जातात. देठातल्या पाण्यात वाढलेला डास माकडालाही चावतो आणि खाली बसलेल्या माणसालाही. जंगलातला ताप गावात येतो तो या वाटेने, असं तो म्हणाला, आणि गावातल्या लाकूडतोड्यांपैकी दोघं तापाने गेल्याचंही सांगितलं. मी त्याच दिवशी रिपोर्ट दिला, केळी तोडायची परवानगी मिळावी. वरून उत्तर आलं, करार बघा. पुन्हा लिहिलं. पुन्हा करार. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा कंपनी कमांडर म्हणाले, उस्ताद, सगळ्यांना लस दिली आहे ना? मग?

सगळ्यांना दिली होती. माझ्या हाताने.

परबला तो कोपरा फार आवडायचा. म्हणायचा, उस्ताद, डिट्टो आमची वाडी, फक्त माडाचं झाड पाहिजे होतं. त्याने तिथे एक मोडकी खुर्ची नेऊन ठेवली होती. ड्युटी संपली की चार-साडेचारला बनियन काढून बसायचा आणि आईला व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ करून पाठवायचा. मी चार वेळा उठवलं. दोनदा एक्स्ट्रा ड्युटी लावली. हसून उठायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. त्याच्याबरोबर त्याचा बडी असायचा, नायक गायकवाड. कांजूरमार्गचा. घरचे मूळचे सोलापूरकडचे, बुद्धाला मानणारे. तो पुऱ्या बाह्या घालून बसायचा. बडी म्हणजे पलटणीत जोडी असते, एकाने दुसऱ्याची पाठ सांभाळायची. या दोघांची सहा वर्षांची जोडी होती. एकमेकांना नावाने हाक मारताना मी त्यांना ऐकलंच नाही, तू रे आणि अबे वरच सगळं चालायचं.

तिसऱ्या महिन्यात एका सोमवारी दुपारी परब एमआय रूममध्ये आला. ताप एकशे तीन, डोकं दुखतंय, कंबर मोडून आली आहे. मलेरियाची टेस्ट निगेटिव्ह. मॅडमनी कार्ड मागितलं. कार्ड पिवळं, तारीख बरोबर, शिक्का बरोबर, सही माझी. त्या म्हणाल्या, पिवळा ताप नाही, लस घेतलेल्याला तो जवळजवळ होतच नाही. दुसरा कुठला तरी व्हायरल असेल. तरी मी त्याच्यावर मच्छरदाणी लावली. डासापासून त्याला वाचवायला नाही, त्याच्यापासून डासाला वाचवायला. तापातल्या माणसाला डास चावला की पुढची साखळी तिथून सुरू होते.

मंगळवार, बुधवार ताप तसाच. परब काही बोलला नाही. गुरुवारी सकाळी ताप उतरला. उठून बसला. मला म्हणाला, उस्ताद, पेज मिळेल काय, उकड्या तांदळाची? उकडा तांदूळ कुठला मिळायला, साध्या भाताची करून दिली. वाटीभर प्यायला. मॅडमना बरं वाटलं, मलाही. मी मच्छरदाणी गुंडाळून ठेवली. या तापात मध्ये असा एक बरा दिवस येतो, हे मी स्वतः क्लासमध्ये शिकवलं होतं. पण कार्ड होतं ना. डोळ्यांपुढे तो शिक्का होता, मग डोकं कशाला चालतंय.

शुक्रवारी दुपारी एकला त्याला उलटी झाली, काळी, कॉफीच्या चोथ्यासारखी. मी बॅटरी धरून डोळे बघितले. पिवळे.

मी मॅडमना बोलवायला वळलो तर दारात गायकवाड उभा. त्याने डोळे बघितले होते. त्याने मला बाहेर नेलं, पाण्याच्या टाकीमागे.

"उस्ताद, त्याने लस घेतलेली नाही."

"कार्ड आहे त्याचं."

"कार्ड आहे. दंड माझा होता. आधी माझ्या नावावर डावा दिला, मग त्याच्या नावावर उजवा. तुम्हीच टोचलंत."

पुढचं तो एका दमात बोलला. परेडच्या पहाटे परब रेशनच्या गाडीतून निघून गेला होता. पास त्या तारखेचा, गेटवर कोणी अडवलं नाही. कार्ड नसेल तर त्याचं नाव कटणार, म्हणून गायकवाडने सांगितलं, तू जा, गणपती बसव, मी बघतो. दोन डोस घेतल्याने आपल्याला काही होत नाही असं त्याने कोणाला तरी विचारूनही घेतलं होतं. परत आल्यावर परबने बाहेर कुठे लस घ्यायची असं ठरलं होतं. पण कार्डावर शिक्का असताना पुन्हा कोण देणार, आणि द्या म्हणून विचारलं तर भानगड उघडी पडणार. मग राहून गेलं.

मी त्याच्या कानाखाली मारायला हात उचलला. मारली नाही. मारून काय उपयोग होता? सहा वर्षं आम्हीच त्याला शिकवलं होतं, बडीसाठी काय पण. आणि मी मोजणी जुळली म्हणून खूश होतो. चीड आली ती त्याचीच नव्हती, माझीही होती.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, इव्हॅक्युएशन, आत्ता. चौदा दहाला मी वायरलेस सेटवर होतो.

"कंट्रोल, चार्ली बेस. एक पेशंट, स्ट्रेचर केस, प्रायॉरिटी वन. हेलिकॉप्टर हवंय. ओव्हर."

"चार्ली बेस, ढग खाली आहेत. उड्डाण बंद. उद्या झिरो सिक्स हंड्रेडला बघू. ओव्हर."

"कंट्रोल, पेशंटला उद्यापर्यंत वेळ नाही. ओव्हर."

"चार्ली बेस, समजलं. हवामान खुलल्याशिवाय नाही. आऊट."

रस्त्याने नेलं असतं तर अकरा तास, पूल दोन ठिकाणी वाहून गेलेले. मॅडमनी जे हातात होतं ते सगळं केलं. सलाइन, रक्तस्राव थांबवायची औषधं, दर तासाला नाडी. लघवी कमी होत गेली, मग बंद झाली. गुरुवारीच खरं माहीत असतं तर त्या चांगल्या दिवशी, स्वच्छ आभाळात, त्याला मोठ्या हॉस्पिटलात पोहोचवता आलं असतं. वाचला असता का, ते मॅडमही सांगू शकल्या नाहीत. पण एक दिवस मिळाला असता. तो आम्ही पेज पाजण्यात घालवला.

शनिवारी सहा वीसला हेलिकॉप्टर आलं. स्ट्रेचर उचलताना परब शुद्धीवर होता. त्याने माझी बाही धरली.

"उस्ताद, गायकवाडचं नाव घालू नका."

मी हो म्हटलं. सात पाचला, हवेतच, तो गेला.

मी रिपोर्टमध्ये नाव घातलं. गायकवाडचं घातलं, माझंही घातलं. मरणाऱ्याला दिलेला शब्द मोडला, असं म्हणणारे पलटणीत होते. त्यांना मी एकच सांगितलं, उद्या दुसरा कोणी बडीसाठी दंड पुढे करील तेव्हा त्याला हे माहीत असायला पाहिजे. चौकशी झाली. गायकवाडचा रँक गेला. मला लेखी ताकीद. मला जास्त व्हायला हवी होती. रक्ताचा नमुना लॅबमध्ये गेला होता, रिपोर्ट आला, पिवळा तापच. केळी तोडायची परवानगी त्यानंतर आठ दिवसांत आली. तेव्हा करार कोणाला आडवा आला नाही.

एमआय रूममध्ये आणि बॅरेकमध्ये मी बारा दिवस रोज दोनदा फवारलं. परबला चावलेली एखादी मादी असलीच तर तिचे बारा दिवस भरायच्या आत ती मेली पाहिजे, हा हिशोब. दुभाषा आणि गावातले कामगार, ज्यांना लस नव्हती, त्यांना बेसवर येऊ दिलं नाही. पुढे कोणाला ताप आला नाही. एवढं एक काम नीट झालं.

सरकारी पत्रातून परबच्या आईला कळलं ते एवढंच, की ड्युटीवर असताना तापाने मृत्यू. परत आल्यावर मी आणि गायकवाड भटवाडीत गेलो. त्याला यायचं नव्हतं. मी म्हटलं, त्या बाईला खरं कळलं पाहिजे. इतके महिने ती डासाला आणि देवाला दोष देत बसली आहे. चाळीतली वरची खोली. मावशींनी, म्हणजे परबच्या आईने, चहा ठेवला. मी खाली मान घालून सगळं सांगितलं. परेड, उजवा दंड, कार्ड, केळी, पेज. काही लपवलं नाही. मला वाटलं होतं, त्या रडतील, शिव्या घालतील, गायकवाडला हाकलून देतील. मी त्याची तयारी करून गेलो होतो.

त्यांनी विचारलं, "सुई कधी होती?"

मी सांगितलं, चतुर्थीच्या आदल्या दिवशी.

त्यांनी बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाल्या, "त्याचो फोन इल्लो आदल्या रात्री. म्हणालो, आये, सुई हा, येवक गावाचा नाय. मीच सांगलंय त्याका, सुई मागसून घे, आधी घराक ये. गणपती कोण हाडतलो?"

गायकवाड उठून त्यांच्या पायाशी बसला. म्हणाला, आई, तुम्ही नाही, मी त्याला जा म्हटलं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण बघत कोणाकडेच नव्हत्या. चहा उतू गेला, कोणी उठलं नाही.

त्या बाईने पोराला सणाला घरी बोलावलं होतं. कुठलीही आई बोलावते. तो फोन ती विसरूनही गेली होती. त्या दिवशी चार वाजेपर्यंत, तिच्या लेखी, तिचा पोरगा डासाने मारला होता. मी सांगितलं आणि साडेचारनंतर तो तिने मारला. मला मन हलकं करायचं होतं, म्हणून मी गेलो होतो, दुसरं काही नाही.

लान्स नायक दिगंबर परब, वय अठ्ठावीस. हसरा, उलट न बोलणारा, सांगितलेलं न ऐकणारा. गायकवाड अजून दर रविवारी कांजूरमार्गहून भटवाडीत जातो, मावशींना दवाखान्यात नेतो, बाजार आणून देतो. मी त्यानंतर दोनदा गेलो. त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, पाणी दिलं, आणि आतल्या खोलीत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.